बायबलमधील ज्ञान आणि परमेश्वराचे भय

ज्ञान आणि परमेश्वराचे भय यांचा परस्परसंबंध हा बायबलमधील ज्ञानसाहित्याचा मध्यवर्ती विषय होय. जुन्या करारातील नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक ही तीन पुस्तके ज्ञानसाहित्य म्हणून ओळखली जातात. रोमन कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरा त्यांत बेन सिराचा ग्रंथ आणि शलमोनाचे ज्ञान हा ग्रंथ यांचीही गणना करतात. परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा प्रारंभ आहे, हा विचार या साहित्यात वारंवार येतो. त्याच बायबलमध्ये ज्ञान वाढले की दुःखही वाढते असे एक लेखक सांगतो, जगाचे ज्ञान देवाच्या दृष्टीने मूर्खपणा आहे असे दुसरा सांगतो, आणि पूर्ण प्रीतीत भयाला जागाच नसते असे तिसरा. ही विधाने शेजारी शेजारी ठेवली असता ती एकमेकांना छेद देताना दिसतात.

या विसंगतींचा काही भाग भाषांतरातून निर्माण झालेला आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्द पाहिले की तो मावळतो. उरलेला भाग मात्र मूळ ग्रंथातच आहे, आणि तो तेथे जाणीवपूर्वक जपला गेला असावा असे मानण्यास बरीच कारणे आहेत. मराठी वाचकाला हा प्रश्न विशेष जाणवतो, कारण भय आणि ज्ञान या दोन्ही शब्दांना येथील तत्त्वचिंतनात आधीपासूनच ठरलेले अर्थ आहेत. बायबलच्या मराठीतील वाटचालीचा एक आरंभबिंदू रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोट आणि हर्णै येथे आहे.

सूत्र आणि त्याचा संदर्भ

नीतिसूत्रे या पुस्तकाच्या प्रास्ताविकाचा समारोप या सूत्राने होतो (१:७). पहिल्या नऊ अध्यायांतील उपदेश संपत आला असता ते पुन्हा येते (९:१०). पुस्तकाच्या अखेरच्या अध्यायात एका कर्तबगार गृहिणीचे वर्णन आहे. तिचे कष्ट, व्यवहारचातुर्य आणि दानशीलता यांची तपशीलवार नोंद झाल्यावर शेवटी तिच्या ठायी असलेल्या परमेश्वराच्या भयाचा गौरव केला आहे (३१:३०). स्तोत्रसंहितेतील १११वे स्तोत्र आणि ईयोबाच्या पुस्तकातील २८वा अध्याय हेही याच विचारावर येऊन थांबतात.

नीतिसूत्रांच्या या दोन टोकांच्या मधली पुष्कळशी वचने मात्र निखळ व्यवहारनीतीची आहेत. खोटा तराजू वापरू नये, परक्यासाठी जामीन राहू नये, आळशाने मुंगीकडे पाहून शिकावे, भांडण असलेल्या प्रशस्त घरापेक्षा धाब्याचा एक कोपरा बरा; असा हा उपदेश कोणत्याही धर्माच्या शहाण्या माणसाला पटावा. बाविसाव्या अध्यायाच्या सतराव्या वचनापासून सुरू होणाऱ्या भागाचे प्राचीन इजिप्तमधील आमेनेमोपेच्या उपदेशाशी इतके साम्य आहे की, १९२०च्या दशकात ते लक्षात आल्यापासून बहुतेक अभ्यासक या दोहोंमध्ये थेट संबंध मानतात. ईयोब हा स्वतः इस्राएली नाही, तो ऊस देशाचा रहिवासी आहे. शलमोन राजाच्या ज्ञानाची थोरवी सांगतानाही राजांच्या पहिल्या पुस्तकात त्याची तुलना पूर्वेकडील लोकांच्या आणि मिसर देशाच्या ज्ञानाशी केली आहे (४:३०). परक्यांचे ज्ञान खरे आहे असे गृहीत धरल्याशिवाय अशी तुलना संभवत नाही.

येथे पहिला प्रश्न उपस्थित होतो. ज्ञान जर सर्व माणसांच्या निरीक्षणातून आणि अनुभवातून येत असेल, तर ते इस्राएलच्या देवाच्या भयापासून सुरू होते असे का म्हणावे? जर्मन अभ्यासक गेरहार्ड फॉन राट यांनी इस्राएलमधील ज्ञान या विषयावरील आपल्या १९७०च्या ग्रंथात याचे उत्तर दिले आहे. त्यांच्या मते हे सूत्र ज्ञानाचा आशय ठरवत नाही, ज्ञान मिळवू पाहणारा माणूस कोठे उभा आहे हे ठरवते. विचारात चूक होते ती बहुधा वाटेत होत नाही, निघण्याच्या ठिकाणीच होते, अशी त्यामागची धारणा आहे. हे उत्तर व्यवहारनीतीपुरते समाधानकारक आहे. ईयोब आणि उपदेशक यांना मात्र ते पुरत नाही.

मूळ शब्दांचे अर्थ

मराठीत ज्याला परमेश्वराचे भय म्हटले जाते त्यासाठी हिब्रूमध्ये बहुतेक ठिकाणी यिराह हा शब्द आहे. या शब्दाचा आवाका मोठा आहे. शत्रूसमोर उडणारी गाळण त्यात येते, तशीच एखाद्या विराट वस्तूपुढे उभे राहिल्यावर वाटणारी स्तब्धताही येते. लेवीय या पुस्तकात (१९:३) प्रत्येकाने आपल्या आईविषयी आणि बापाविषयी जे बाळगावे म्हणून सांगितले आहे, तेही याच धातूने सांगितले आहे. मुलाने आईला घाबरून पळावे असा त्या आज्ञेचा अर्थ कोणीही करणार नाही. मराठी घरांत वडीलधाऱ्यांचा धाक म्हणून जो ओळखला जातो, तो या अर्थाच्या बराच जवळ आहे: त्यात शिक्षेची भीती थोडी, आपल्या वागण्याने त्यांना खाली पाहावे लागू नये ही काळजी अधिक. निव्वळ धडकी या अर्थाचा पहद हा वेगळा शब्दही हिब्रूत आहे, परंतु ज्ञानाच्या प्रारंभाचे सूत्र त्याने बांधलेले नाही.

यिराह या शब्दातील दोन छटा निर्गम या पुस्तकातील एकाच वचनात समोरासमोर येतात (२०:२०). सीनाय पर्वतावरील गडगडाट आणि धूर पाहून लोक थरथर कापत दूर उभे राहतात. मोशे त्यांना भिऊ नका म्हणतो, आणि लगेच पुढे सांगतो की, देवाचे भय तुमच्यासमोर राहावे व तुम्ही पाप करू नये यासाठीच तो आला आहे. दोन्ही ठिकाणी धातू एकच आहे. जे भय माणसाला दूर पळवते ते टाकायचे आणि जे त्याला सांभाळते ते ठेवायचे, असा भेद येथे केलेला दिसतो. १३०व्या स्तोत्रातील विचार (१३०:४) याहून अनपेक्षित आहे. देवाजवळ क्षमा आहे, म्हणून त्याचे भय धरले जाते, असे तेथे सुचवले आहे. शिक्षेच्या भीतीला क्षमेने उतार पडायला हवा, परंतु येथे क्षमेतूनच भय उत्पन्न होते. देवाचे भय म्हणजे केवळ शिक्षेची धास्ती, हा समज या एका वचनापुढे टिकत नाही.

ज्ञान या शब्दाचीही अशीच गोष्ट आहे. हिब्रू होखमा हा शब्द पुस्तकी विद्येपुरता नाही. निवासमंडपाचे नक्षीकाम करणाऱ्या बसालेल या कारागिराला देवाने होखमा दिली, असे निर्गमात सांगितले आहे (३१:३). १०७व्या स्तोत्रात वादळात सापडलेल्या खलाशांची अवस्था वर्णिली आहे. जहाज हेलकावू लागले असता त्यांची सारी होखमा गिळली जाते (१०७:२७). हर्णै किंवा जयगडच्या किनाऱ्यावरील नावाड्याला वारा, भरती आणि खडक यांची जी जाण असते, ती या अर्थाने होखमाच आहे. मराठीत तिला कसब किंवा जाणतेपण म्हणता येईल. याखेरीज दाअत हा माहिती, परिचय, ओळख या अर्थांचा निराळा शब्द आहे. नीतिसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील सूत्रात दाअत आहे, नवव्या अध्यायातील सूत्रात होखमा. प्रचलित मराठी भाषांतरात बऱ्याच ठिकाणी दोहोंसाठी ज्ञान हाच शब्द येतो. नव्या करारातील सोफिया आणि ग्नोसिस हे दोन ग्रीक शब्दही पुष्कळदा ज्ञान याच शब्दात सामावले जातात. चार वेगवेगळे शब्द एका मराठी शब्दाखाली आल्यामुळे, एका जातीच्या जाणतेपणाची स्तुती आणि दुसऱ्या जातीच्या जाणतेपणाची निंदा ही एकाच गोष्टीविषयीची परस्परविरोधी विधाने वाटू लागतात.

तिसरा शब्द प्रारंभ हा आहे. पहिल्या अध्यायातील सूत्रात त्यासाठी रेशीत हा शब्द येतो. त्याचे आरंभ, मुख्य अंश आणि प्रथमफळ असे अर्थ होतात. शेतातील पहिले उत्पन्न देवापुढे टोपलीत आणण्याची जी आज्ञा अनुवाद या पुस्तकात आहे (२६:२), तेथेही हाच शब्द आहे. कोकणात नव्याच्या पौर्णिमेला भाताच्या नव्या लोंब्या घराच्या दाराला बांधतात. त्या लोंब्या काळाच्या दृष्टीने पहिल्या असतात हे खरे, परंतु त्यांचे महत्त्व त्यात नसते. त्या साऱ्या पिकाच्या प्रतिनिधी असतात. रेशीतचा हा अर्थ घेतला तर परमेश्वराचे भय ही पुढे गेल्यावर मागे टाकायची पायरी राहत नाही. मुळाक्षरे पहिलीत शिकली जातात, पण शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या ओळीपर्यंत ती सुटत नाहीत, तसे हे आहे. हा अर्थ आधुनिक अभ्यासकांनी ओढूनताणून काढलेला नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या बेन सिराने आपल्या पहिल्याच अध्यायात परमेश्वराच्या भयाला क्रमाने ज्ञानाचा आरंभ, पूर्णता, मुकुट आणि मूळ असे चारही म्हटले आहे.

जुन्या करारातील अंतर्गत वाद

शब्दांचा उलगडा झाल्यावरही काही गाठी सुटत नाहीत. त्यांतील पहिली बायबलच्या आरंभीच आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात बऱ्यावाईटाच्या ज्ञानाच्या झाडाचे फळ निषिद्ध आहे, आणि स्त्रीला ते हवेसे वाटते त्याच्या कारणांत ते शहाणपण देणारे आहे हेही एक कारण आहे. फळ खाल्ल्यावर आदाम लपतो आणि आपण भ्यालो असे सांगतो (३:१०). बायबलमधील भय या धातूचा हा पहिला प्रयोग. नीतिसूत्रांत भयापासून ज्ञान सुरू होते, येथे ज्ञानापासून भय सुरू झाले. एका मार्गात माणूस देवासमोर उभा राहून शिकतो, दुसऱ्यात तो देवाला वगळून घेतो आणि मग त्याच्यापासून लपतो, असा या दोन चित्रांचा मेळ घालता येतो. पण ज्ञान हवेसे वाटणे हाच अपराध आहे की काय, ही शंका या कथेने पुढील सर्व वाचकांसाठी मागे ठेवली आहे.

दुसरी गाठ क्रमाची आहे. नीतिसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात (२:१–५) बाप मुलाला सांगतो की, रुपे शोधावे तसे, पुरलेले धन उकरावे तसे ज्ञान शोधशील तर तुला परमेश्वराचे भय म्हणजे काय ते समजेल. म्हणजे येथे शोध आधी, भय नंतर. भयाशिवाय ज्ञान नाही आणि ज्ञानाशिवाय भय कळत नाही. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हा अन्योन्याश्रय आहे. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्यात नवल नाही: गुरूवर काही एक विश्वास ठेवल्याशिवाय विद्यार्थी शिकू लागत नाही, आणि शिकल्याशिवाय गुरूचे खरे मोठेपण त्याला कळत नाही.

नीतिसूत्रांच्या संपादकांना विसंगती दिसत नव्हती असे म्हणणे कठीण आहे. सव्विसाव्या अध्यायात मूर्खाला त्याच्या मूर्खपणास अनुसरून उत्तर देऊ नको असे एक वचन आहे, आणि त्याच्या लगेच खाली तसेच उत्तर दे असे दुसरे (२६:४–५). ज्याने ही दोन वचने एकाखाली एक ठेवली त्याला ती कोठे लागू करायची हा विवेक वाचकावर सोपवायचा होता. मराठी म्हणींच्या संग्रहातही अशा जोड्या सापडतात, आणि त्यामुळे म्हणी खोट्या ठरत नाहीत.

ईयोबाच्या पुस्तकात वाद उघड होतो. ईयोब हा देवाचे भय धरणारा आणि पापापासून दूर राहणारा आहे, हे पहिल्याच वचनात सांगितले आहे. सैतान देवासमोर प्रश्न टाकतो की, ईयोब देवाचे भय फुकट धरतो काय (१:९). त्याला संपत्ती आहे, मुलेबाळे आहेत. हे भय म्हणजे एक सौदा आहे. ज्ञानसाहित्याच्या मर्मावर यापेक्षा तीक्ष्ण आघात संभवत नाही, आणि तो ज्ञानसाहित्यातच केलेला आहे. पुढे संपत्ती, मुले आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाकडे मित्र येतात. ते नीतिसूत्रांचेच तत्त्वज्ञान सांगतात: देवाला भिणाऱ्याचे भले होते, त्याअर्थी ज्याचे भले झाले नाही त्याने काही पाप केले असले पाहिजे. ईयोब हे मान्य करत नाही. तो देवाला जाब विचारतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, न्यायालयात उभे राहावे तसा उभा राहतो. अखेरीस देव वादळातून बोलतो. तो ईयोबाच्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही, परंतु मित्रांवर रागावतो आणि माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखे खरे बोलला नाहीत असा निवाडा देतो (४२:७).

हा निवाडा महत्त्वाचा आहे. ज्यांनी देवाच्या भयाची भाषा बिनचूक वापरली ते दोषी ठरले आणि ज्याने प्रश्न विचारले तो खरा ठरला. परमेश्वराचे भय म्हणजे प्रश्न विचारण्यास बंदी, असा अर्थ या पुस्तकाच्या साक्षीने तरी काढता येत नाही. मात्र याच पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात एक सुंदर काव्य आहे. माणूस खाणीत उतरून सोने, रुपे आणि नीलमणी शोधून काढतो, पण ज्ञानाचा ठिकाणा त्याला सापडत नाही, तो देवालाच ठाऊक आहे. आणि मग परमेश्वराचे भय हेच ज्ञान, असा समारोप येतो. हे काव्य ईयोबाच्या तोंडी आहे की ते निवेदकाचे आहे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ते ईयोबाचे मानले तर त्याच्या बंडखोर भाषणांच्या मध्येच ते विसंगत वाटते. निवेदकाचे मानले तर वादाच्या ऐन भरात घेतलेला तो एक विसावा ठरतो.

उपदेशकाचा सूर निराळा आहे. ईयोब संतापतो, उपदेशक थकलेला आहे. त्याने ज्ञान मिळवले, ते मूर्खपणापेक्षा चांगले, जसा प्रकाश अंधारापेक्षा चांगला, हेही त्याला मान्य आहे (२:१३). पण शहाणा आणि मूर्ख दोघेही सारखेच मरतात, आणि फार ज्ञान म्हणजे फार खेद (१:१८). एके ठिकाणी तर तो अतिशहाणा होऊ नकोस असा इशारा देतो आणि देवाचे भय धरणारा दोन्ही टोकांतून सुटतो असे म्हणतो (७:१६–१८). पुस्तकाच्या शेवटी देवाचे भय धर आणि त्याच्या आज्ञा पाळ हेच मनुष्याचे कर्तव्य, असा निष्कर्ष आहे (१२:१३). हा निष्कर्ष मूळ लेखकाचा की नंतरच्या संपादकाने जोडलेला, यावर बराच वाद झाला आहे. ज्यू परंपरेतही हे पुस्तक सहज स्वीकारले गेले नाही. त्यातील विधाने एकमेकांना खोडतात म्हणून ते बाजूला ठेवावे असा विचार ज्ञानी मंडळींत झाला होता, परंतु त्याचा आरंभ आणि शेवट धर्मशास्त्राला धरून आहेत म्हणून ते राहिले, अशी नोंद तालमूदच्या शब्बाथ या प्रकरणात आहे. त्याच प्रकरणात मूर्खाला उत्तर देण्याच्या वरील दोन वचनांचाही प्रश्न चर्चिला आहे: एक धर्मशास्त्राच्या चर्चेसाठी, दुसरे लौकिक व्यवहारासाठी, असा तेथे निकाल दिला आहे.

नव्या करारातील मांडणी

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात जगाच्या ज्ञानावर कठोर टीका आहे (१:१८–२५). करिंथ हे ग्रीक वक्तृत्वाचा अभिमान बाळगणारे शहर होते, आणि तेथील मंडळीत कोणता उपदेशक अधिक श्रेष्ठ यावरून तट पडले होते. हा संदर्भ ध्यानात घेतला की पौलाचा रोख बुद्धीवर नसून बुद्धीच्या मिरवण्यावर आहे हे कळते. पुढच्याच अध्यायात तो प्रौढांसाठी आपणही ज्ञान सांगतो असे म्हणतो (२:६). याकोबाच्या पत्रात वरून येणारे ज्ञान आणि मत्सरातून निघणारे ज्ञान असा भेद केला आहे. पहिल्याची ओळख सौम्यतेवरून पटते (३:१३–१७). येशूच्या उपदेशात हे ज्ञान शहाण्यांपासून गुप्त ठेवून बालकांना प्रकट केल्याबद्दल देवाचे स्तवन आहे (मत्तय ११:२५), आणि त्याच शुभवर्तमानात शिष्यांनी सापांसारखे चतुर व्हावे अशी आज्ञाही आहे (१०:१६).

भयाबाबतची गाठ याहून घट्ट आहे. योहानाच्या पहिल्या पत्रानुसार पूर्ण प्रीती भयाला बाहेर घालवते, कारण भयात शिक्षेचा विचार असतो (४:१८). रोमकरांस पत्रात विश्वासणाऱ्याला दास्याचा, भय निर्माण करणारा आत्मा मिळालेला नाही असे म्हटले आहे (८:१५). उलट फिलिप्पैकरांना भीत व कापत आपले तारण साधून घेण्याचा उपदेश आहे (२:१२). मत्तयाच्या दहाव्या अध्यायात तर आत्मा आणि शरीर या दोहोंचा नाश करू शकणाऱ्याचे भय धरा असे सांगितल्यावर दोनच वचनांनंतर चिमण्यांचा दाखला देऊन भिऊ नका असे सांगितले आहे (१०:२८–३१). योहानाने ज्याला हाकलले ते शिक्षेचे भय आहे हे त्याच्याच वाक्यावरून दिसते. ग्रीकमध्ये मात्र दोन्हींसाठी फोबोस हा एकच शब्द असल्यामुळे हा भेद वाचकाने स्वतः करावा लागतो.

भाष्यकारांची उत्तरे

ऑगस्टीन याने हा भेद एका दृष्टान्ताने स्पष्ट केला. व्यभिचारी पत्नी नवरा येईल म्हणून भिते, पतिव्रता तो सोडून जाईल म्हणून भिते. पहिले दासाचे भय, दुसरे निर्मळ भय. प्रीती पहिल्याला घालवते आणि दुसऱ्याला जपते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने दासाचे भय आणि पुत्राचे भय यांच्यामध्ये आरंभीचे भय अशी एक अवस्था मानली, ज्यात दोहोंचे मिश्रण असते. मार्टिन लूथर याने आपल्या लघु प्रश्नोत्तरीत दहा आज्ञांचे स्पष्टीकरण देताना देवाचे भय आणि देवाची प्रीती यांची जोडी कायम एकत्र ठेवली.

ज्यू परंपरेतील मैमोनिडीस याचे उत्तर कदाचित सर्वांत समाधानकारक आहे. माणूस सृष्टीतील अद्भुत गोष्टींचा विचार करतो तेव्हा त्याच्या मनात त्यांच्या कर्त्याविषयी प्रेम आणि जाणून घेण्याची तीव्र इच्छा उत्पन्न होते. आणि त्याच विचारात तो पुढे गेला की आपण किती लहान आहोत हे उमगून तो दचकून मागे सरतो. येथे भय हे अज्ञानाचे अपत्य नाही, निरीक्षणाचे आहे. ज्ञान आणि भय यांपैकी एक नसेल तर दुसरेही नसते, हे मिश्नातील पूर्वजांच्या वचनांत एलाजार बेन अजर्या याच्या नावाने आधीच नोंदलेले आहे.

मराठीतील वाटचाल

बायबलमधील कथा मराठीत प्रथम विस्ताराने आणल्या त्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने. गोव्यातील रायतूर येथे १६१६ मध्ये छापलेल्या त्याच्या ख्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या असून पहिला भाग जुन्या करारावर आधारलेला आहे. संपूर्ण ग्रंथाच्या भाषांतराचे प्रयत्न १९व्या शतकात झाले. श्रीरामपूर येथून विल्यम कॅरे याच्या देखरेखीखाली मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला, आणि अमेरिकन मराठी मिशनचे संपूर्ण बायबल १८४७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले.

याच काळात स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ मध्ये बाणकोट येथे ठाणे उघडले आणि नंतर हर्णै येथेही काम सुरू केले. दक्षिण कोकणातील गावांत त्यांनी शाळा चालवल्या. पुढे मुंबईत शिक्षणकार्यामुळे प्रसिद्धीस आलेले जॉन विल्सन यांनी १८२९ मध्ये याच किनाऱ्यावर राहून मराठीचा अभ्यास केला. कोकण किनाऱ्यावरील बेने इस्राएल समाजासाठी त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. त्यामुळे हिब्रू शब्दांचे धातू मराठी भाषेतून शिकण्याची सोय झाली. बेने इस्राएलांनी पुढे बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तनेही रचली.

या वाचकांपुढे भय आणि ज्ञान हे शब्द कोरे नव्हते. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी संपत्तीच्या यादीत अभय हा पहिला गुण आहे, आणि ज्ञानेश्वरीमुळे तो मराठी मनात रुजलेला आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला तू अभयाला पोचलास असे सांगतो. ज्ञानाने भय संपते ही येथली सर्वमान्य धारणा. तिच्या पार्श्वभूमीवर भयाने ज्ञान सुरू होते हे वाक्य उलटे वाटणे स्वाभाविक होते. परंतु तैत्तिरीय उपनिषदाच्या एकाच वल्लीत, ब्रह्माच्या भयाने वारा वाहतो व सूर्य उगवतो असेही म्हटले आहे आणि ब्रह्मानंद जाणणारा कशालाही भीत नाही असेही. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन एकाच वेळी हर्षित आणि भयभीत होतो. यिराह या शब्दाची छटा मराठी वाचकाला समजावून द्यायची तर याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही. खरा फरक पुढे आहे. उपनिषदांत द्वैत मावळले की भयाला विषयच उरत नाही. बायबलमध्ये देव आणि माणूस यांच्यातील अंतर कधीच पुसले जात नाही, म्हणून प्रीती पूर्ण झाली तरी एका प्रकारचे भय राहतेच.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांना नव्या कराराकडे प्रथम ओढले ते डोंगरावरील प्रवचनाने. ज्ञानोदय या १८४२ पासून चालत आलेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे ते संपादक होते. आपल्या अभंगांत त्यांनी ख्रिस्ताला माउली मानले. वारकरी परंपरेतील सलगीची भाषा त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेत आणली. भय आणि प्रीती यांच्या वादात त्यांचा कल उघडपणे योहानाच्या बाजूला होता, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेचा सूर त्यानंतर बराचसा तोच राहिला आहे.

पंडिता रमाबाई यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये केडगाव येथे छापून पूर्ण झाले. आधीच्या भाषांतरांतील संस्कृत शब्द हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थ सोबत आणतात आणि सामान्य स्त्रियांना ते कळतही नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. अलीकडच्या काही सोप्या मराठी भाषांतरांत परमेश्वराचे भय याऐवजी परमेश्वराचा आदर असा प्रयोग केलेला आढळतो. त्याने शाळकरी वाचकाची अडचण दूर होते, हे मान्य करावे लागेल. पण आदर हा माणूस माणसाला देतो आणि प्रसंगी परतही घेतो. सीनायच्या पायथ्याशी कापत उभे असलेले लोक किंवा वादळासमोर तोंडावर हात ठेवणारा ईयोब त्या शब्दात मावत नाहीत. धाक हा शब्द अर्थाने अधिक जवळचा आहे, परंतु बोलभाषेत त्याला वचक आणि दटावणी यांचा वास लागला आहे. प्रचलित भाषांतरात भय हाच शब्द टिकून आहे, आणि त्याचा खुलासा करण्याचे काम टीपांवर व शिक्षकांवर पडते.